एमआरआयमध्ये ‘पिट्यूटरी’ची गाठ निघाली? घाबरू नका, पण रिपोर्ट कपाटातही टाकू नका

दुचाकीवरून पडले म्हणून सीटी स्कॅन केला, किंवा डोकं सारखं दुखतंय म्हणून एमआरआय. ज्यासाठी तपासणी केली ते काही निघालं नाही, पण रिपोर्टच्या शेवटी ‘पिट्यूटरी अॅडेनोमा’ लिहिलेलं. मोबाइलवर शोधलं की ‘मेंदूचा ट्यूमर’ येतो अन् घरात रडारड सुरू होते.

पिट्यूटरी म्हणजे शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागच्या बाजूला असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. थायरॉईड, मासिक पाळी, उंची, अंगावरचं दूध, सगळ्यांचा कासरा हिच्या हातात. अशी बारीक गाठ साधारण दहा जणांमागे एकाच्या डोक्यात असू शकते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. कॅन्सर तर फारच क्वचित.

पाहायचं ते वेगळंच: गाठ जादा हार्मोन सोडते का, आणि डोळ्यांच्या नसांवर दाब देते का?

जादा हार्मोनमध्ये प्रोलॅक्टिन सगळ्यात जास्त आढळतं. पाळी लांबते, मूल राहत नाही, बाळंतपण नसताना दूध येतं. पुरुषांची इच्छा कमी होते. गावाकडे मात्र दोष सुनेलाच, मग नवस-उपास. खरं तर रक्ताच्या एका तपासणीत प्रोलॅक्टिन कळतं आणि ते गाठीमुळे वाढलेलं असेल तर कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी, त्याही आठवड्यातून एक-दोनदा, गाठ बहुधा आकसते. पित्ताच्या काही गोळ्यांत डॉमपेरिडोन असतं, त्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं. चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

अंगठी बसेना, चपलेचा नंबर वाढला, जबडा रुंद झाला, तर ग्रोथ हार्मोनचा संशय. चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, साखर आणि बीपी वाढलेलं, तर कॉर्टिसॉलचा. पण सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड असलं तरी असंच दिसतं, म्हणून पुडी लपवू नये.

थायरॉईडसाठी नुसतं टीएसएच पुरत नाही, टी-४ ही बघावं लागतं. गाठ १० मिलिमीटरपेक्षा लहान आणि हार्मोन ठीक असतील, तर बहुतेकदा वर्षभराने पुन्हा एमआरआय, एवढंच. मोठी गाठ डोळ्यांच्या नसांना लागली, तर बाजूचं दिसणं कमी होतं. रस्त्यावर शेजारून येणारी गाडी उशिरा दिसते. अशा वेळी शस्त्रक्रिया लागू शकते. ती बहुतेकदा नाकातून होते, कवटी उघडावी लागत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि नजर अंधूक झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठावं.