कलत्या कुंडीचा कोपरा

वर रुंद आणि खाली निमुळती चौकोनी लाकडी कुंडी दिसायला साधी. चार फळ्या, एक बूड, झालं. पण सरळ खोकी बिनचूक ठोकणारा हातही इथे अडतो. या कुंडीच्या कोपऱ्यात फळीचं टोक दोन्हीकडून तिरकं असावं लागतं: समोरून पाहिलं तरी तिरकं आणि जाडीतून पाहिलं तरी तिरकं. पिठाच्या गिरणीवर धान्य ओतायचं निमुळतं लाकडी खोकं असतं, त्याच्या कोपऱ्यांची रचनाही हीच.

आकडे घेऊनच बोलू. कुंडीची उंची ३० सेंटीमीटर आणि बाजू उभ्या रेषेपासून १५ अंश बाहेर कललेल्या. बूड बाहेरून २५ सेंटीमीटरचं असेल, तर तोंड ४१ सेंटीमीटरच्या आसपास जातं. म्हणजे प्रत्येक बाजूला ८ सेंटीमीटरची वाढ. मग फळीचं टोक १५ अंशांतच कापायचं, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. फळी कललेली असल्यामुळे तिच्या अंगावरून मोजलेली उंची ३० नसून ३१.०६ भरते. वाढ तेवढीच आणि लांबी जास्त, त्यामुळे कोन उतरतो १४.५ वर. दहावीच्या त्रिकोणमितीत सांगायचं तर या कोनाचा टॅन हा कलाच्या साइनइतका असतो.

जाडीतल्या कोनाचंही तेच. काटकोनाचा निम्मा म्हणून पातं ४५ अंशांवर कलवायचं, ही सवय सरळ खोक्यापुरती खरी. बाजू कलल्या की दोन फळ्यांमधला कोन काटकोन राहत नाही, तो ९३.८४ अंश होतो. त्यासाठी पातं ४३.१ अंशांवर हवं: कलाचा कोसाइन गुणिले ०.७०७१, आणि जो आकडा येईल तो ज्या कोनाचा साइन असेल तो कोन. ४५ वरच कापलं, तर २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या बाहेरून छान मिटतात आणि आतून जवळजवळ दोन मिलिमीटरची फट राहते. ती मातीखाली झाकली जाते, दिसत नाही. पण पाणी नेमकं तिथेच साचतं आणि लाकूड कुजायला सुरुवात तिथूनच होते. सजावटीच्या पेटीत खपणारी चूक कुंडीत खपत नाही, म्हणून मला हा कोपरा महत्त्वाचा वाटतो.

मायटर सॉ हे मशीन या कामासाठी जवळजवळ मुद्दाम केल्यासारखं आहे. टेबल डावी-उजवीकडे फिरतं, त्यात पहिला कोन. पातं बाजूला कलतं, त्यात दुसरा. त्याच्या पट्टीवर ३१.६ आणि ३३.९ अशा दोन विचित्र खुणा असतात. अमेरिकेत भिंत आणि छत यांच्या सांध्यात बसवायची नक्षीपट्टी बहुधा भिंतीशी ३८ अंश करते. वरच्या सूत्रांत १५ ऐवजी ३८ घाला, हेच दोन आकडे मिळतात. छताची पट्टी आणि बागेतली कुंडी यांची भूमिती एकच आहे, हे त्या दोन खुणांवरून कळतं.

अडचण मात्र १५ च्या खाचेची. नेहमीच्या कोनांवर टेबल आपोआप अडकावं म्हणून मशिनला खाचा असतात. १४.५ वर लावून घट्ट करू जावं, तर टेबल घसरून १५ मध्ये बसतं. अर्धा अंश किरकोळ वाटतो, पण चार कोपऱ्यांत मिळून आठ टोकं. प्रत्येक टोक थोडं थोडं खातं आणि सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यावर येऊन पडते. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांची वीतभर कुंडी जुळवून पाहावी, मगच चांगल्या फळ्यांना हात लावावा.

आता मला सर्वांत आवडणारी रीत. कुंडीत फळी जशी कलून राहणार आहे, तशीच ती करवतीखाली ठेवायची. मागच्या उभ्या पट्टीला १५ अंशांची पाचर लावायची, फळीची बाहेरची बाजू पाचरीला टेकवायची, खालची कड घसरू नये म्हणून टेबलावर एक अडपट्टी मारायची. पातं सरळ उभं ठेवून टेबल ४५ वर फिरवायचं आणि कापायचं. दोन्ही कोन आपोआप उतरतात, दशांश नाहीत की सूत्र नाही. कारण वरून पाहिलं तर कुंडीचा कोपरा शेवटी चौकोनाचाच कोपरा असतो. तिरकेपणा सगळा फळीच्या कलण्यात असतो. हातकरवतीनेही हे जमतं. मशिनखाली ३१ सेंटीमीटरची फळी उभी मावत नाही, त्यामुळे आठ-नऊ सेंटीमीटरच्या पट्ट्या एकावर एक लावून बाजू करावी. लांबी प्रत्येक पट्टीची वेगळी, कोन सगळ्यांचे सारखे.

अशा पट्ट्या जुन्या पॅलेटमधून सहज निघतात. त्यावरचा शिक्का तेवढा पाहावा: ‘एचटी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, त्यात मेथी-कोथिंबीर लावू नये. कोपऱ्याला नुसता डिंक पुरत नाही, फळ्यांची टोकं तो शोषून घेतात. आतून एक उभी पट्टी देऊन तिच्यात स्टेनलेसचे स्क्रू मारावेत. त्या पट्टीची कड ९३.८४ अंशांची हवी. बाजाराची चौकोनी पट्टी तशीच लावली तर ती एकाच फळीला टेकते, म्हणून रंध्याचे चार हात मारावेच लागतात. वरच्या आणि खालच्या कडा १५ अंशांत तासल्या की तोंड सपाट दिसतं, कुंडी डुगडुगत नाही.

कुणाला सहा बाजूंची कुंडी करायची असेल, तर त्याच कलासाठी टेबल ८.५ आणि पातं २८.९ अंशांवर येतं. पाचरीची रीत तिथेही तशीच चालते. टेबल फक्त ४५ ऐवजी ३० वर लावायचं.