परगावची नोकरी आणि घरचा एक प्रश्न

अहमदपूरहून नांदेडला येताना आमची एस.टी. ज्या रस्त्याने धावते, त्या रस्त्याला रत्नागिरी-नागपूर महामार्ग म्हणतात. आमचे गाव या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. लहानपणी फाट्यावर उभे राहून आम्ही जाणाऱ्या गाड्या मोजत असू. पण हा रस्ता दुसऱ्या टोकाला कोठे जाऊन थांबतो, याचा विचार कधी केला नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये तो करावा लागला. माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणते, रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमली गेली. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली माणसे आम्ही दोघी बहिणीच. त्यामुळे नोकरीचा आनंद मोठा होता आणि पाचशे किलोमीटरची धास्तीही तेवढीच मोठी होती.

आपल्या महाविद्यालयातील अनेकजण उद्या परीक्षा देतील. कोणी शिक्षक, कोणी पोलीस, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत जाईल. त्यांपैकी पुष्कळांना घरापासून दूर जावे लागेल. म्हणून घरापासून दूरची नेमणूक म्हणजे नेमके काय, ती जड का जाते आणि हलकी कशाने होते, हे मी जेवढे पाहिले तेवढे येथे मांडत आहे.

प्रथम, आमच्या भागातील मुले कोकणात जातात ती का? मराठवाड्यात डी.एड. झालेली मुले-मुली फार आणि जागा थोड्या. कोकणात डोंगराळ वाड्यावाड्यांतून लहान लहान शाळा पुष्कळ. तेथे बाहेरचे शिक्षक लागतात. आता भरती ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून होते. उमेदवार पसंतीक्रम देतो आणि गुणांप्रमाणे जिल्हा मिळतो. ज्याला नोकरीची निकड आहे तो लांबचे जिल्हेही भरतो. अक्काने भरले होते.

नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. ही योजना २००० साली सुरू झाली. अक्का रुजू झाली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ६००० रुपये मानधन होते. २०२३ पासून ते १६००० झाले. सहा हजारांत खोलीचे भाडे, जेवणखाण आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे म्हटल्यावर गावी येणे वर्षातून दोनदाच, दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत. नवे रुजू होणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पहिले पैसे हाती पडायला वेळ लागतो, म्हणून निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीला बांधूनच निघावे. आप्पांनी त्यासाठी एक शेळी विकली होती.

आता बदलीचा विषय. प्राथमिक शिक्षक हा जिल्हा परिषदेचा नोकर असतो आणि त्याची सेवाज्येष्ठता त्या जिल्ह्यापुरती धरली जाते. दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेले की तेथील यादीत सर्वांच्या खाली नाव लागते. मागची वर्षे ज्येष्ठतेला उपयोगी पडत नाहीत. शिवाय ज्या जिल्ह्यात आधीच जागा रिकाम्या आहेत तेथून बदलीचा आदेश निघाला तरी कार्यमुक्त होण्यास विलंब लागू शकतो. हे नियम घरच्या माणसांना ठाऊक नसतात. त्यांना वाटते, साहेबांना भेटले की काम होईल. अक्का मुद्दामच प्रयत्न करीत नाही, असेही आमच्या भावकीत एकजण बोलून गेले.

पण कागदावरचे अंतर वेगळे आणि प्रत्यक्ष राहण्यातले अंतर वेगळे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातली ही मुलगी. आमच्याकडे वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस; तिकडे तीन हजारांहून अधिक. पहिल्या महिन्यात तिचे कपडे वाळले नाहीत. ज्वारीची भाकरी नाही, सकाळ-संध्याकाळ भात. पोळ्याला बैल नाहीत, येळवसला वावरात जेवण नाही. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी सुटी असते, तिच्या शाळेत घंटा वाजत होती. भाषा मराठीच, परंतु वर्गात ‘माळवं’ म्हटले की मुले एकमेकांकडे पाहात. आणि ‘पऱ्ह्याला पाणी आलंय’ म्हणून मुले आली नाहीत, तर पऱ्ह्या म्हणजे काय हे अक्काला विचारावे लागे. पऱ्ह्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. तो भरला की वाडीचा आणि शाळेचा संबंध तुटतो.

अक्का सांगते की दिवस कसाही जातो, संध्याकाळ जात नाही. चारपाच वाजता मुले घरी जातात आणि तेथून झोपेपर्यंतचा वेळ आपला एकटीचा असतो. गावी असताना याच वेळी धारा, चूल, शेजारणींची हाक असा सगळा गलबला असे. त्या वेळेला ती आम्हाला फोन करी. आणि आम्ही काय करीत होतो? माय फोन घेऊन पहिलाच प्रश्न विचारी, “बदलीचं काय झालं?” मग आप्पा तेच विचारीत. मग मी. मी तेव्हा सातवी-आठवीत होते. मला बदली म्हणजे काय हेही नीट कळत नव्हते, पण विचारायचे एवढे ठाऊक होते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला. दूरदर्शनवर पाण्यात बुडालेली एस.टी. स्थानके आणि घरे दिसत होती. आमच्या घरी कोकण म्हणजे सगळे एकच. चिपळूण आणि अक्काची वाडी यांत किती अंतर आहे हे कोणालाच सांगता येईना. तिचा फोन लागत नव्हता. आंबा घाटात दरडी कोसळल्याचे ऐकले. दोन दिवस आमच्या चुलीवर धड स्वयंपाक झाला नाही. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला : वाडीवर वीज नव्हती एवढेच, बाकी सर्व सुखरूप. माय रडली आणि रडता रडता म्हणाली, “आता तरी बदली करून घे गं माय.” अक्का पलीकडे काही बोलली नाही. त्यानंतर तिचे फोन हळूहळू कमी झाले. पुढे तिच्या लग्नाच्या बोलण्यातही हाच प्रश्न येऊ लागला. दोन स्थळे त्यावरूनच मोडली.

मार्च २०२३ मध्ये, अकरावीत असताना, शिमग्याला मी आप्पांबरोबर तिच्याकडे गेले. लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असे करीत आंबा घाट उतरलो. अक्काची खोली पाहून मला धक्काच बसला. नोकरीला साडेतीन वर्षे झाली होती, तीन वर्षांची मुदत संपून ती नियमितही झाली होती. पण खोलीत ना कपाट, ना मांडणी. कपडे आप्पांनी पहिल्या दिवशी नेलेल्या पत्र्याच्या पेटीतच. मी विचारले तेव्हा म्हणाली, “बदली आली की हे सगळं ओढत न्यायचं का?” साडेतीन वर्षे ती जणू फाट्यावर गाडीची वाट पाहात बसली होती. आणि तिला फाट्यावर बसवणारे आम्हीच होतो. प्रत्येक फोनवर आम्ही तिला आठवण देत होतो की तू जेथे आहेस ते तुझे ठिकाण नव्हे.

तिची घरमालकीण सत्तरीची आजी. तिचा मुलगा मुंबईला असतो, दोन नातूही तिकडेच. गणपतीला आणि शिमग्याला ते येतात. आम्ही होतो तेव्हा मुलगा आला होता. गावदेवीची पालखी दारी आली, आजीने ओटी भरली, चौथ्या दिवशी मुलगा परत गेला. मला वाटले आजी आता रडत बसेल. ती परसात गेली आणि काजूच्या झाडाखाली पडलेल्या बिया वेचू लागली. संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा आजीने ‘पुन्हा कधी येशील’ असे विचारले नाही. काजू किती निघाला, गाय कशी आहे, शेजारच्या घरी कोण आले हे सांगितले, आणि त्याला जेवणात काय होते ते विचारून फोन ठेवला.

मी अक्काला म्हटले, आजीला काही वाटत नाही का? तेव्हा अक्काने मला जे सांगितले तेच या लेखाचे सार आहे. कोकणातील घराघरांतून माणसे मुंबईला गेलेली आहेत, आणि हे आजचे नाही. गिरण्यांच्या काळापासून कोकणचा पुरुष मुंबईत आणि घर मनीऑर्डरवर, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तरी चाकरमानी हा शब्द गेला नाही. इतक्या वर्षांत त्या घरांनी दूर असलेल्या माणसाशी कसे वागावे याची एक पद्धत बसवली आहे. येण्याचे दिवस ठरलेले असतात, म्हणून रोज विचारावे लागत नाही. आणि मधल्या काळात त्याला घरातल्या बारीकसारीक गोष्टी कळवीत राहावयाचे, म्हणजे तो घरातून तुटत नाही.

आमच्या मराठवाड्यातूनही माणसे बाहेर जातात. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पण त्यांत नवराबायको जोडीने जातात आणि हंगाम संपला की परततात. घरातले एकच माणूस, तेही मुलगी, वर्षानुवर्षे दूर राहणार, ही गोष्ट आमच्या घरांना नवी आहे. म्हणून दूर गेलेल्या माणसाबद्दलचे प्रेम आम्हाला एकाच वाक्यात बोलता येते : ‘परत कधी येतोस?’ प्रेम खरेच असते. पण ऐकणाऱ्याला ते रोज एकेक ओझे होते.

परत आल्यावर आप्पांनी घरात सांगितले, बदलीचे तिचे ती पाहील, कोणी विचारायचे नाही. मायला हे जमायला वेळ लागला. ‘बद...’ म्हणून ती थांबे आणि म्हशीचे दूध किती निघाले ते सांगू लागे. पुढे अक्काच विचारू लागली, मूग काढले का, येळवसला कोण कोण आले होते. त्या दिवाळीला ती परत जाताना दहा किलो ज्वारी आणि लोखंडी तवा घेऊन गेली. जानेवारीत तिने एक कपाट घेतले. वर्गातल्या मुलांकडून त्यांचे शब्द आणि आपले शब्द शेजारी शेजारी लिहून घेऊन तिने भिंतीवर तक्ता लावला आहे. त्यात ‘पऱ्ह्या’ समोर ‘वढा’ आहे. तिने बदलीचा अर्ज सोडलेला नाही. बदली अजून झालेलीही नाही. लग्नाचा प्रश्नही सुटलेला नाही आणि मायचा जीव आत खालीवर होतच असतो. सर्व काही गोड झाले असे मी म्हणणार नाही. पण संध्याकाळचा तिचा फोन आता रोज येतो.

यावरून मला दोन बाजूंच्या गोष्टी कळल्या. जाणाऱ्याने पहिल्याच महिन्यात पेटी उघडावी. चार भांडी, एक मांडणी घ्यावी, बदली आली तर ती विकता येते. तिथली बोली कान देऊन ऐकावी, आपली लपवू नये. गावी येण्याचे दिवस ठरवून घरी कळवावे. संध्याकाळच्या वेळेला काहीतरी काम लावून घ्यावे. अक्का वाडीतल्या चार मोठ्या मुलींना स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी शिकवते. आणि घरच्यांनी नियम समजून घ्यावेत, जे त्याच्या हाती नाही ते त्याला रोज विचारू नये, आणि घरात घडणारे त्याला सांगत राहावे, वाईटसुद्धा. आप्पांचा पाय मोडला तेव्हा आम्ही तिला आठ दिवस कळवले नव्हते. ते तिला अजून लागून राहिले आहे.

आपले विद्यापीठ ज्यांच्या नावाने चालते ते स्वामी रामानंद तीर्थ १९०३ साली आजच्या कर्नाटकात जन्मले. मराठवाड्यात ते आले ते शिक्षक म्हणून. आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला. त्यांचे मोठेपण आमच्या घरात कोठून येणार? पण दुसऱ्याच्या मुलखातून आलेल्या शिक्षकाने आपल्या मुलांना शिकवले, म्हणून आपण इथवर आलो, एवढे तर खरे. संगमेश्वरच्या त्या वाडीतली एखादी मुलगी उद्या असेच म्हणेल.

पुढल्या वर्षी मी तिसऱ्या वर्षाला असेन आणि त्यानंतर मलाही अर्ज भरावे लागतील. पसंतीक्रमात लांबचे जिल्हे भरू की नको, असे मी परवा मायला विचारले. ती बराच वेळ तांदूळ निवडीत राहिली. मग म्हणाली, “भर. पण पेटी पहिल्या दिवशीच रिकामी कर.”