वैमानिकाला जमिनीवर बसवणारा डॉक्टर

पाचाडच्या पुढे गेलं की नेटवर्क कसं गायब होतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ऑडिओ मध्येच अडकतो, म्हणून नेहमीसारखा हा भाग लिहूनही देतोय. बोलताना जे "म्हणजे बघा", "काय आहे ना" होतं, ते थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. महाडला बारावी सायन्सला असलेल्या एका ताईने विचारलं होतं, "मला डॉक्टर व्हायचंय आणि एअरफोर्समध्येही जायचंय. दोन्ही एकत्र होतं का?" होतं. आणि नुसतं होतं असं नाही, त्यातली एक शाखा अशी आहे की तिचं नावही आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. एरोस्पेस मेडिसिन. मराठीत अवकाश वैद्यक म्हणू शकतो, पण हवाई दलातले लोक इंग्रजी नावच वापरतात, आपणही तेच वापरू.

आधी हे डॉक्टर करतात काय ते समजून घेऊ. पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने गेलायत ना? वर चढता चढता कान बंद होतात, आवंढा गिळला की 'टक' करून उघडतात. सावित्रीच्या खोऱ्यातून साधारण साडेतेराशे मीटरवर जाताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि कानाच्या पडद्यामागे कोंडलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते. बस्स. एरोस्पेस मेडिसिन इथूनच सुरू होतं. फक्त वैमानिक तासाभरात घाट चढत नाही, तो मिनिटा-दोन मिनिटांत त्याच्या कितीतरी पट वर जातो.

अजून वर गेलं की प्रश्न कानाचा राहत नाही, मेंदूचा होतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण अठरा हजार फुटांवर हवेचा दाबच निम्मा होतो, त्यामुळे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजनही निम्मा. पस्तीस हजार फुटांवर, जिथून आपली प्रवासी विमानं उडतात, तिथे केबिनमधला दाब गेला तर माणसाला शहाण्यासारखं काही करता येईल असा वेळ अर्धा ते एक मिनिट. आणि वाईट भाग असा की ज्याचा मेंदू बंद पडत चाललाय त्याला ते कळत नाही. उलट मजा वाटते. दारू प्यायलेल्या माणसाला गाडी आपण फार छान चालवतोय असं वाटतं ना, तसंच.

ही काही पुस्तकातली भीती नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात केबिनचा दाब राखणारा स्विच चालू करायचा राहून गेला. वर गेल्यावर मास्क खाली पडले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं, आणि विमान मुंबईला परत आलं. ते वाचले. २००५ मध्ये सायप्रसहून अथेन्सला निघालेलं हेलिऑस कंपनीचं विमान वाचलं नाही. दाब राखण्याची यंत्रणा चुकीच्या स्थितीत होती, धोक्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. ग्रीसची लढाऊ विमानं शेजारी जाऊन बघतात तर सहवैमानिक सीटवर कोसळलेला. विमान आपलं आपण उडत होतं. १२१ माणसं गेली.

म्हणून हवाई दलात वैमानिकांना जमिनीवरच एका बंद खोलीत बसवतात, हवा हळूहळू काढतात आणि मास्क काढून साधी गणितं सोडवायला, नाव लिहायला सांगतात. थोड्याच वेळात अक्षर वाकडं व्हायला लागतं. प्रत्येकाची लक्षणं थोडी वेगळी असतात. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाला गरम होतं, कुणी उगाच हसत सुटतो. आपलं लक्षण कोणतं ते एकदा कळलं की वर आकाशात ते ओळखून मास्क लावता येतो. बाहेर काचेजवळ उभा राहून हे सगळं बघणारा, तो आपला डॉक्टर.

दुसरी गोष्ट 'जी'. लढाऊ विमान जोरात वळलं की शरीराचं वजन वाढल्यासारखं होतं. नऊ जी म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचं वजन ६३० किलो. रक्त पायाकडे खेचलं जातं, मेंदूकडे पोचत नाही. आधी रंग जातात, मग नजर बोगद्यासारखी अरुंद होते, मग काळोख, मग शुद्धच जाते. त्यासाठी पाय-पोट आवळणारा खास सूट असतो, आणि पोटाचे, मांड्यांचे स्नायू घट्ट करून श्वास रोखण्याची एक पद्धत शिकवतात. सराव माणसाला गरगर फिरवणाऱ्या भल्या मोठ्या यंत्रात होतो, त्याला सेंट्रिफ्यूज म्हणतात. आपल्या जत्रेतल्या पाळण्याचा फार चिडलेला भाऊ समजा.

आणि तिसरी गोष्ट फुगडीची. फुगडी घालून थांबलं की जग उलटं फिरतं ना? कानाच्या आतल्या नळ्यांतलं पाणी अजून हलत असतं म्हणून. ढगात शिरलेल्या वैमानिकाचं नेमकं हेच होतं. बराच वेळ एकाच बाजूला वळत राहिला की ते पाणी स्थिर होतं आणि त्याला वाटतं आपण सरळ चाललोय. मग खरोखर सरळ केलं की वाटतं उलट्या बाजूला वळलो, म्हणून तो पुन्हा वळवतो. बाहेर क्षितिज दिसत नसेल तर कानावर नाही, समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवायचा, हे शरीराच्या विरुद्ध जाऊन शिकावं लागतं. जुलै २०२१ मध्ये तळियेवर दरड आली, महाड पाण्यात होतं, त्या दिवसांतलं आभाळ आठवा. त्या ढगांत, दोन्ही बाजूंना डोंगर असताना हेलिकॉप्टर आणायचं म्हणजे काय, याचा अंदाज येईल.

आता एका माणसाच्या करिअरकडे येऊ, म्हणजे रस्ता कसा असतो ते दिसेल. एअर मार्शल पद्मा बंदोपाध्याय. जन्म १९४४, तिरुपतीचा, वाढल्या दिल्लीत. त्या अगदी लहान असताना आईला क्षयरोग झाला आणि आई अंथरुणाला खिळली. आजारपण घरात बघत मोठी झालेली मुलगी. शेजारी राहायच्या डॉ. पद्मावती, पुढे देशातल्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. डॉक्टर व्हायचं तिथे ठरलं. पण शाळेत विषय होते आर्ट्सचे! नंतर धडपडून सायन्सकडे वळल्या आणि पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, प्रवेश मिळवला. (आर्ट्स घेतलं म्हणून घरी बोलणी खाणाऱ्यांनी हा परिच्छेद आईबाबांना दाखवा. फक्त आज नियम वेगळे आहेत, नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच.)

१९६८ मध्ये त्या हवाई दलात आल्या. नवराही हवाई दलातच. १९७१ च्या युद्धातल्या कामासाठी दोघांना विशिष्ट सेवा पदक मिळालं, तेही एकाच समारंभात. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला एरोस्पेस मेडिसिन तज्ज्ञ झाल्या. अति थंडीत आणि उंचीवर शरीर कसं जुळवून घेतं हा त्यांच्या अभ्यासाचा भाग, त्यासाठी थेट उत्तर ध्रुव प्रदेशात जाऊन संशोधन केलं. २००२ मध्ये एअर व्हाइस मार्शल, २००४ मध्ये एअर मार्शल. हवाई दलात दोन्ही पदांवर पोचलेल्या पहिल्या महिला. २०२० मध्ये पद्मश्री.

यादी छान आहे, पण मला या नोकरीतली खरी अवघड जागा वेगळीच वाटते. स्क्वाड्रनचा डॉक्टर वैमानिकांसोबतच राहतो, त्यांच्यासोबत जेवतो, त्यांच्या मुलांचे वाढदिवस करतो. आणि त्याच मित्राला एक दिवस सांगतो, "तू उद्यापासून उडायचं नाहीस." कारण कधी साधी सर्दीही असते. सायनस बंद असताना झपकन खाली उतरलं तर कपाळात असह्य कळ येते, आणि सर्दीच्या गोळीने झापड येते ती वेगळीच. कधी कारण मोठं असतं, हृदयाचा आलेख बिघडलेला, पाठीचा मणका दुखावलेला. वैमानिकासाठी उड्डाण बंद म्हणजे पगाराचा प्रश्न नंतर, आधी तो कोण आहे हाच प्रश्न. म्हणून जगभरातले वैमानिक डॉक्टरपासून लपवतात. डॉक्टर कडक असेल तर कुणी दुखणं सांगत नाही, सैल असेल तर कुणीतरी मरतो. मला विचाराल तर मधली ती वाट सापडणं हीच या शाखेतली खरी पदवी, बाकीची विद्यापीठ देतं.

ती पदवी मिळते बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये. १९५७ साली सुरू झालेली ही संस्था. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले, त्याआधी त्यांच्या तपासण्या इथेच झाल्या. गगनयानच्या चौघांची निवडही इथूनच, आणि त्यांच्यातले शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात राहूनही आले.

तर ताई, तुझ्यासाठी रस्ता असा. बारावी, नीट, मग एएफएमसीसाठी वेगळी लेखी चाचणी, मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी. तिथे मुलींच्या जागा मुलांपेक्षा बऱ्याच कमी आहेत, हे आधीच माहीत असू दे. शिक्षणाचा खर्च सरकार करतं, बदल्यात सैन्यदलात नोकरी करावीच लागते. मध्येच सोडलं तर भरायची रक्कम मोठी असते, म्हणून सही करण्याआधी घरच्यांसोबत बसून तो कागद नीट वाचा. एमबीबीएसनंतर आर्मी, नेव्ही की एअरफोर्स हे ठरतं, म्हणजे एअरफोर्सच मिळेल याची खात्री नसते. मिळालं की आधी हवाई तळावर काही वर्षं काम, मग बंगळूरला तीन वर्षांचं एमडी.

एएफएमसी हुकलं तरी दार बंद होत नाही. दुसऱ्या कुठल्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून एमबीबीएस करून शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर सैन्यदलाच्या वैद्यकीय सेवेत जाता येतं. त्याच्या जाहिराती वेळोवेळी निघतात, अधिकृत वेबसाइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर नको. आणि चष्मा आहे म्हणून आत्ताच नाद सोडू नका. डॉक्टरसाठीचे डोळ्यांचे निकष वैमानिकापेक्षा वेगळे असतात, ते तपासून मगच ठरवा.

प्रश्न असतील तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट टाका. गडावरून टाकणार असाल तर वाऱ्याकडे पाठ करून बोला, मागच्या वेळी निम्मं काही ऐकूच आलं नव्हतं.