बेळगावला जाल तर शहापूरला जा

सांगलीकर पाहुणा बेळगावास गेला म्हणजे किल्ला पाहतो, कुंदा बांधून घेतो आणि परतीच्या गाडीला धावतो. शहापूर त्याच्या यादीत नसते. याचे मला नवल वाटते; कारण बेळगावला खेटून असलेली ही पेठ १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत आपल्या पटवर्धन सरकारांची होती. बेळगाव इंग्रजांचे, आणि शेजारचे शहापूर सांगलीचे! तेथल्या विद्यालयाला आजही चिंतामणरावांचेच नाव आहे. १९५६ साली हा सारा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तरी जुनी खूण राहिलीच. होळीनंतर दुसऱ्याच दिवशी बेळगाव रंग खेळून मोकळे होते, शहापूरकर मात्र आपल्यासारखे रंगपंचमीपर्यंत थांबतात.

एक पुरा दिवस हाती असावा. सकाळी कपिलेश्वराचे दर्शन घ्यावे. या स्थानाला लोक दक्षिणकाशी म्हणतात. तेथून शहापुरात शिरले की खडेबाजार, सराफ गल्ली, कचेरी गल्ली अशी नावे भेटतात आणि पायांना आपल्याच गावात हिंडल्यासारखे वाटते. वाचनाची गोडी असणाऱ्याने सरस्वती वाचनालयात थोडे टेकावे. दुपारी किल्ल्यातली कमलबस्ती पाहावी. रट्ट राजवटीत, १२०४ च्या सुमारास उभारलेल्या या जैन मंदिराच्या छतातले दगडी कमळ मान वर करून पाहताना मानेचा विसर पडतो.

नाटकाच्या शौकिनाला आणखी एक गोष्ट सांगतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, आणि त्याच साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. पुढे १८६६ साली अण्णासाहेबांनी बेळगावातच ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढली. मराठी रंगभूमीचे श्रेय सांगलीकर हक्काने सांगतात; त्यातला बेळगावचा वाटाही मोकळ्या मनाने सांगावा.

आता खरेदी. कुंदा घ्यावाच, पण मांडेही घ्यावेत. उपड्या खापरावर भाजलेला, कागदासारखा पातळ, आत तूपसाखर असा तो मांडा. मनातले मांडे खाणाऱ्यांनी एकदा खरे खाऊन पाहावेत. पण ज्यासाठी हा लेख लिहितो ते शहापुरी लुगडे. आमच्या आजीच्या पेटीत असे एक होते. रोज नेसून, नदीवर आपटून धुतले तरी त्याचे काठ उसवले नाहीत. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत घराघरांतून माग चालत. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने पावडी दाबतो, ताण्याचे धागे वरखाली होतात आणि त्यांतून धोटा बाणा घेऊन धावतो. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आले. खड्ड्यातला माग गेला आणि नऊवारी नेसणाऱ्याही थोड्या उरल्या. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात विणकरांच्या घरांत पाणी शिरले. पुढच्याच वर्षी टाळेबंदीने बाजार बंद झाले.

म्हणून दुकानात गेल्यावर नुसते “शहापुरी दाखवा” म्हणू नये. हातमागाचे की यंत्रमागाचे, आणि विणले कुठे, हे स्पष्ट विचारावे. एका दुकानदाराने मला या प्रश्नावर हसून उत्तर दिले, “साहेब, तुम्ही भाव सोडून दुसरे काही विचारणारे आज पहिलेच.” त्या हसण्यात मला आपल्या सर्वांवरचा ठपका दिसला. कारण भाव सर्वांत कमी तेच उचलायचे, असे गिऱ्हाइकाने ठरवले की हातमागवाल्याने कितीही मन लावून विणले तरी त्याचा माल मागेच राहतो. यंत्रमागावर चालणारेही शेवटी विणकरच. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हातमागाचे हातमागाच्या भावाने घ्यावे आणि यंत्रमागाचे यंत्रमागाच्या. एवढा चोखपणा गिऱ्हाइकाने पाळला, तर हातमागवाल्याचे चार दिवस तरी वाढतील.

पेढे, कुंदा पाहुण्यांत वाटून दोन दिवसांत संपतात. शहापुरी लुगडे घरात एक पिढी राहते, आणि लेकीने “हे कुठले?” म्हणून विचारले की त्या पेठेचे नाव पुन्हा घरात निघते.