फुकटचा फोन आणि घरची लाईट

मंडळी, पाटोद्यात बसून पुण्या-मुंबईच्या लेकरांशी आपण व्हॉट्सॲपवर फुकट बोलतो. मग घरातला जुना फोन ठेवायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण एक फरक लक्षात घेऊ. तांब्याच्या तारेतून आवाजासोबत एक्स्चेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्टची वीजही यायची. म्हणून गावची लाईट गेली तरी फोन चालायचा. इंटरनेटच्या फोनला राउटर लागतो, अन् राउटरला घरची लाईट. म्हणजे बिल घटलं, पण फोन चालू ठेवायची जबाबदारी आपल्या अंगावर आली. शिवाय व्हॉट्सॲपवरून १०८ लागत नाही. तेव्हा आम्ही म्हणतो, जुनी लाईन खुशाल काढू. पण आधी राउटरला छोटी बॅटरी जोडू, अन् रात्री-अपरात्रीसाठी एक साधा मोबाईल चार्ज करून ठेवू.