चौथा खांदा

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत पावसाळ्यात आभाळ फाटते, भाताची खाचरे तुडुंब भरतात. त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, दौंडकडे निघालो की हिरवा रंग ओसरत जातो आणि पावसाची वाट पाहणारे माळ सुरू होतात. सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगाव त्याच पट्ट्यातले. पंडिता रमाबाईंचे 'मुक्ती मिशन' आजही तेथे उभे आहे.

रमाबाई म्हटले की आपल्याला त्यांचे संस्कृतवरील प्रभुत्व आठवते, आणि धर्मांतरावरून उठलेले वादळ. त्यांनी सोसलेली भूक मात्र क्वचितच आठवते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. 1874च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि काही महिन्यांच्या आत वडील, आई व थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा खांदा भावाने दिला आणि चौथा रमाबाईंनी. उंची कमी, म्हणून तिरडीचे टोक त्यांना डोक्यावर घ्यावे लागले. पुढे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. 1880मध्ये भाऊही गेला. 1882मध्ये पती बिपिनबिहारी कॉलऱ्याने वारले, तेव्हा पदरात लहानगी मनोरमा होती.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इथून पुढे सारे सोपे झाले, असे समजण्याचे कारण नाही. बाई मुळात पंडिता! तेथील धर्मभगिनींशी आणि शिक्षिकांशी त्यांनी पत्रांतून वाद घातले. पटल्याखेरीज एकही मत स्वीकारायचे नाही, हा त्यांचा बाणा. पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म तर मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली. ही कबुली मला त्यांच्या बाप्तिस्म्याहून मोठी वाटते.

विधवांसाठी 1889मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढले जाते, असा आरोप झाला आणि 1893मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्या पालकांची भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. रमाबाई आपली श्रद्धा लपवीत नव्हत्या. पण संस्था मोडली नाही.

मग 1896-97चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरताहेत, अनाथ मुली वाईट हातांत पडताहेत, हे कळताच रमाबाई तिकडे निघाल्या. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलींत त्यांना आपली बहीण दिसली असेल, आईही दिसली असेल. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर न्यावे लागले. छपरे नव्हती, पाणी बेताचे, आणि पैसा येईल तेव्हा. 1900मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो जणी आल्या. शेती, विणकाम, छपाई, अंध स्त्रियांसाठी वर्ग असे एकेक करीत त्या माळावर गावच वसले. उद्याचे धान्य कोठून येईल, याचे रमाबाईंकडे एकच उत्तर होते: प्रार्थना. त्यामागोमाग मात्र विहीर खणायला माणसे लावायची, हिशेब चोख ठेवायचा. गुडघे टेकणारे हात लगेच कुदळीला लागत. आपल्या वारकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सावता माळ्याचा मळा आपण विसरलेलो नाही.

उत्तरायुष्यात त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हते. तरीही साध्या बायकांना समजेल असे बायबल मराठीत आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणे आणि छापणे मुक्तीतल्याच स्त्रियांनी केले. काम संपत आले असताना, 24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. आईमागे संस्था चालवील असे जिच्याकडे पाहिले जात होते, तीच! शोक करायला रमाबाईंकडे फारसे दिवस उरले नव्हते. प्रकृती ढासळली होती, तरी मुद्रिते तपासणे चालूच राहिले. ते काम हातावेगळे झाले, आणि 5 एप्रिल 1922च्या पहाटे केडगावात त्यांनी देह ठेवला.