खोकला लांबला? बेडका तपासा

संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन आणि बेडक्यातून रक्त, हे फुप्फुसाच्या क्षयाचे (टीबीचे) परिचित चित्र. पण प्रत्येक प्रौढ रुग्णात ते असेच दिसेल असे नाही.

एरवी एक्स-रेत डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. मधुमेहींमध्ये ते खालच्या भागातही आढळतात व न्यूमोनियाचा समज होतो. एचआयव्हीबाधितांच्या बेडक्यात जंतू कमी सापडतात. एक्स-रेही कधी स्वच्छ असतो. वृद्धांत कित्येकदा नुसती भूक मंदावते, अशक्तपणा येतो. विडी ओढणारे तर ‘हा विडीचाच खोकला’ म्हणून अंगावर काढतात आणि तोवर घरातल्यांना लागण होते.

म्हणून खोकला दोन आठवडे टिकला तर औषधाच्या बाटल्या बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी व औषधे मोफत आहेत. क्षय निघाल्यास रक्तातील साखर आणि एचआयव्हीही तपासावा.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. महिना-दोन महिन्यांत बरे वाटते आणि नेमक्या तेव्हाच अनेकजण गोळ्या सोडतात. मग जंतू औषधांना दाद देत नाहीत. बरे वाटले तरी गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.